व्यसनमुक्तीच्या इतिहासात संवादाचे स्थान

१

व्यसनमुक्तीचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी सांगितला जातो. एक अंग कायद्याचे. त्यात दारूबंदी, परवाने, दंड आणि कारावास यांचा समावेश होतो. दुसरे अंग औषधोपचाराचे. या दोहोंच्या मधून वाहणारा एक तिसरा प्रवाह मात्र अभ्यासकांच्या दृष्टीतून बरेचदा निसटतो. तो म्हणजे व्यसनी मनुष्याशी बोलण्याचा आणि त्याला बोलू देण्याचा. व्यसनी मनुष्याशी बोलले पाहिजे याविषयी गेल्या दोन शतकांत फारसे दुमत कधीच नव्हते. धर्मोपदेशक बोलत होते, डॉक्टर बोलत होते, न्यायाधीश आणि नातेवाईकही बोलत होते. खरा प्रश्न होता तो कोणी बोलावयाचे आणि कोणी ऐकावयाचे, हा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुख्यतः अमेरिकेच्या इतिहासातून घ्यावयाचा आहे. तेथे हे प्रयोग दीर्घकाळ व लोकांच्या डोळ्यांदेखत झाले, आणि आपल्याकडील व्यसनमुक्ती केंद्रांतून आज ज्या पद्धती रूढ आहेत त्यांची मुळे पुष्कळ अंशी त्याच भूमीत सापडतात. या निवडीचे कारण एवढेच.

२

अतिमद्यपान हा केवळ दुर्गुण नसून रोग आहे, हा विचार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकात स्थिर होऊ लागला. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी १७८० नंतरच्या दशकात तो मांडला. ब्रिटिश आरमारातील वैद्य टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ च्या आपल्या ग्रंथात त्याला अधिक नेमके रूप दिले. मद्यपानाची सवय हा मनाचा रोग आहे, असे ट्रॉटर यांचे प्रतिपादन होते, आणि म्हणूनच वैद्याने प्रथम रोग्याचा विश्वास संपादन केला पाहिजे, यावर त्यांनी भर दिला. संवादोपचाराची बीजे शोधू पाहणाऱ्याला येथवर मागे जावे लागते.

परंतु हे बीज तत्काळ रुजले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मद्यनिषेधक संस्थांनी दारुड्याकडे जवळजवळ पाठच फिरविली. जो अद्याप प्यालेला नाही त्याला वाचवावे. जो बुडाला तो बुडाला, अशीच त्यांची एकंदर धारणा होती. या धारणेला पहिला मोठा धक्का विद्वानांकडून बसला नाही. १८४० च्या एप्रिल महिन्यात बाल्टिमोर शहरातील एका मद्यालयात बसणाऱ्या सहा मद्यपींनी एकमेकांना दारू सोडण्याचे वचन दिले आणि ‘वॉशिंग्टन टेंपरन्स सोसायटी’ स्थापन केली. या मंडळींच्या सभांत व्याख्याने नसत. एकेक सभासद उठून आपण कसे प्यालो, काय गमावले, आणि आता कसे निभावतो आहोत, हे आपल्या तोंडाने सांगे. दारुड्याविषयी बोलण्याचा अधिकार प्रथमच दारुड्याकडे आला.

या बदलाचे मर्म ज्यांनी अचूक ओळखले त्यांत त्या वेळी तेहतीस वर्षांचे असलेले अब्राहम लिंकन हे एक होत. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील वॉशिंग्टोनियन मंडळापुढे केलेल्या भाषणात त्यांनी पूर्वीच्या सुधारकांच्या अपयशाची मीमांसा केली. धिक्काराने मनुष्य आत मिटून जातो. त्याला जिंकावयाचे तर आपण त्याचे मित्र आहोत हे त्याला आधी पटले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश. पुढे दीडशे वर्षांनी प्रयोगांतून जे सिद्ध करण्याचा यत्न झाला ते येथे अनुभवाच्या बळावर मांडलेले दिसते.

वॉशिंग्टोनियन चळवळ मात्र त्या दशकाच्या अखेरीस ओसरली. मद्यनिषेधाचे नेतृत्व कायद्याच्या मार्गाकडे वळले आणि १८५१ साली मेन राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मित्रांमधील कथन हळूहळू सभा गाजविणाऱ्या वक्तृत्वात रूपांतरित झाले. जॉन गफ यांच्यासारखे वक्ते हजारोंना रडवू शकत. परंतु १८४५ मध्ये गफ स्वतःच पुन्हा घसरले तेव्हा त्याचा मोठा गवगवा झाला. प्रतिज्ञापत्रावर सही केल्यानंतरच्या दिवसांत त्या मनुष्याचे रोजचे गाऱ्हाणे कोण ऐकणार, याची कायमची व्यवस्था चळवळीने केलेली नव्हती.

३

यानंतरचा काळ औषधांच्या जाहिरातींचा आहे. १८७९ मध्ये इलिनॉय राज्यातील ड्वाइट या गावी डॉ. लेस्ली कीली यांनी सोन्याच्या क्षाराची म्हणून प्रसिद्ध केलेली सुई टोचून दारू सोडविण्याचा व्यवसाय आरंभिला. त्या औषधाच्या गुणाविषयी वैद्यकविश्वात तेव्हाही शंका होती. परंतु १८९१ मध्ये तेथील रुग्णांनीच आपसांत मंडळे काढली आणि त्यांच्या सभा अनेक गावी भरू लागल्या, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. श्रेय सुईला मिळत असताना सोबतीचे व बोलण्याचे काम तिच्या शेजारीच चालू होते.

विचारपूर्वक रचलेला संवादोपचार व्यसनाच्या क्षेत्रात आला तो बॉस्टन येथील इमॅन्युएल चर्चमधून. तेथील धर्मगुरू एलवुड वूस्टर हे जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे पदवीधर असून तेथे त्यांना नव्या मानसशास्त्राचा परिचय झालेला होता. १९०५ मध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचे जे वर्ग सुरू केले, त्यांना या चर्चचे साहाय्य होते. समूहोपचाराचा आरंभ पुष्कळ इतिहासकार त्या वर्गांपासून मानतात. १९०६ च्या नोव्हेंबरात वूस्टर यांनी सॅम्युएल मॅकोम आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. इसादोर कोरियट यांच्या सहकार्याने मनाच्या विकारांसाठी विनामूल्य उपचार सुरू केले. त्यांत मद्यासक्तांना प्रवेश होता.

या चळवळीचे सर्वांत दूरगामी कार्य एका रुग्णाच्या हातून झाले. कोर्टनी बेलर हे विमा व्यवसायातील गृहस्थ १९११ मध्ये वूस्टर यांच्याकडे स्वतःच्या दारूसाठी आले, बरे झाले, आणि पुढील वर्षापासून तेथेच इतरांना साहाय्य करू लागले. स्वतः व्यसनातून सुटलेला मनुष्य वेतन घेऊन दुसऱ्यास समुपदेशन करतो, या प्रथेच्या आद्य उदाहरणांत त्यांची गणना होते. त्यांच्याकडे उपचार घेतलेले रिचर्ड पीबडी यांनी १९३१ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला धर्मापासून अलग, व्यावहारिक रूप दिले.

४

या काळात मनोविश्लेषणाचे काय झाले, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ‘बोलण्याने उपचार’ ही कल्पना ज्या रुग्णेच्या कथेशी कायमची जोडली गेली, त्या ‘ॲना ओ.’ची हकिगत ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तिच्या बरे होण्याचे चित्र आहे. प्रत्यक्षात १८८२ मध्ये, ब्रॉयर यांचा उपचार संपल्यानंतर, ती स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन येथील रुग्णालयात दाखल झाली होती आणि तेथे तिच्या मॉर्फीनच्या अवलंबित्वाचा प्रश्न उभा होता, हे १९७० नंतरच्या दशकात उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. बोलण्याच्या उपचाराची आद्य कथा अशा रीतीने व्यसनावर मौन बाळगून सांगितली गेली, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

मर्यादेची उघड कबुली दिली ती कार्ल युंग यांनी. रोलंड हॅझर्ड या अमेरिकन रुग्णाला, केवळ मानसोपचाराने तुमच्यासारख्याचे काम होईल अशी आशा मला दिसत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. ३० जानेवारी १९६१ च्या पत्रात त्यांनी ही आठवण नमूद केली. हे पत्र ज्यांना लिहिले ते विल्यम विल्सन म्हणजे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचे एक संस्थापक होत.

विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडली आणि पुढील काही महिने न्यूयॉर्कमधील मद्यपींना आपल्या आध्यात्मिक अनुभवाचा उपदेश केला. एकही मनुष्य सुधारला नाही. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांस उपदेश थांबविण्याचा सल्ला दिला. १९३५ च्या मे महिन्यात व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन येथे असताना, पुन्हा पिण्याची ओढ अनावर होऊ लागली म्हणून, ते बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधू लागले. डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याने पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले. संभाषण कित्येक तास चालले. या प्रसंगी विल्सन समोरच्याला सुधारावयास गेले नव्हते. स्वतः टिकून राहण्यासाठी त्यांना बोलावयाचे होते. डॉ. स्मिथ यांचा शेवटचा प्याला ज्या दिवशी झाला तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

वॉशिंग्टोनियनांची उणीव या संघटनेने भरून काढली. सभा नित्याच्या, वक्ता अनाम, राजकारण वर्ज्य. एकाचे कथन चालू असता इतरांनी ऐकावयाचे, हा शिरस्ता. श्रवणालाच येथे संस्थात्मक रूप प्राप्त झाले.

५

हा सर्व इतिहास सरळ उन्नतीचा आहे असे मात्र समजू नये. १९५८ मध्ये चार्ल्स डीडरिक यांनी कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत स्थापिली. हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना तेथे प्रथमच आपलेपणाचे घर लाभले, हे खरे. परंतु तेथील उपचाराचा गाभा म्हणजे एका व्यक्तीस मध्ये घेऊन सर्वांनी तिच्यावर शब्दांचा कठोर मारा करावयाचा, असा एक ‘खेळ’ होता. व्यसनी मनुष्य नाकबूल असतो, तेव्हा त्याचा नकार फोडला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. ही संस्था पुढे हिंसक पंथात परिणत झाली आणि १९९१ मध्ये विसर्जित झाली; तथापि तिची रीत अनेक उपचारकेंद्रांनी दीर्घकाळ चालविली. संवादाच्या नावाने पुन्हा एकदा इतरांनी बोलावयाचे व रुग्णाने सोसावयाचे, अशी स्थिती आली.

या समजुतीस आव्हान मिळाले ते प्रयोगशील मानसशास्त्राकडून. कार्ल रॉजर्स यांनी १९४० व १९५० च्या दशकांत समानुभूतीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचे म्हणणे समजून घेण्याचे, महत्त्व प्रतिपादिले होते. विल्यम मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात असे आढळले की, सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या मद्यपानात जो फरक दिसला, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुपदेशकाच्या समानुभूतीशी निगडित होता. १९८३ मध्ये मिलर यांनी ‘प्रेरक संभाषणा’ची पद्धत मांडली; १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. १९९३ च्या त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, समुपदेशकाने जितकी अधिक हुज्जत घातली तितके रुग्णाचे मद्यपान वर्षानंतर अधिक आढळले.

या पद्धतीचे तत्त्व साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. “तुम्ही दारूपायी संसाराची माती केलीत,” असे म्हटले की उत्तर येते, “मी काही रोज पीत नाही.” वस्तुतः त्या मनुष्याच्या मनात दोन्ही पक्ष नांदत असतात, सोडावे असेही वाटते, सोडू नये असेही वाटते. समुपदेशकाने एक पक्ष घेतला की दुसऱ्याची वकिली रुग्ण करतो, आणि स्वतःच्याच शब्दांनी त्यात अधिक रुततो. उलट, “दारूने तुम्हाला काय दिले, आणि काय नेले?” असे विचारून थांबले, तर सोडण्याची कारणे त्याच्याच मुखातून येऊ लागतात. नकार हा पुष्कळदा संभाषणाच्या रीतीतूनच निपजतो, असा या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

६

कोणता संवादोपचार श्रेष्ठ, या प्रश्नाच्या निर्णयासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये ‘प्रोजेक्ट मॅच’ हा प्रयोग हाती घेण्यात आला. १७२६ रुग्णांना तीनपैकी एक उपचार देण्यात आला: विचार व वर्तन यांना वळण लावणारा, बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे नेणारा, आणि प्रेरणा वाढविणारा. पहिल्या दोहोंत बारा बैठका होत्या, तिसऱ्यात केवळ चार. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मद्यपान लक्षणीय प्रमाणात घटले, आणि गटागटांत अंतर फारच थोडे आढळले. संवादाविना असलेला गट या प्रयोगात नव्हता. त्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली, हा वाद शिल्लक राहतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती विचारात घेणाऱ्या कॉक्रन समीक्षेने मात्र, बारा पायऱ्यांच्या सभांकडे नेणारे पद्धतशीर उपचार पूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरतात, असे दाखविले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. संवाद हा औषधाचा पर्याय नव्हे. अतिमद्यपी मनुष्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके व वातभ्रम होऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्या वेळी वैद्यकीय देखरेखच हवी. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत १९६५ मध्ये डोल व नायस्वांडर यांनी पुढे आणलेल्या मेथाडोन उपचाराने आणि नंतरच्या तत्सम औषधांनी असंख्य जीव वाचविले आहेत. काही काळ सोडल्यानंतर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते, हे ज्याला ठाऊक नाही त्या समुपदेशकाचे गोड बोलणे रुग्णास वाचवू शकणार नाही.

७

महाराष्ट्रात या इतिहासाचे पडसाद उशिरा, परंतु स्पष्टपणे उमटले. मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने दारूबंदीचा मार्ग स्वीकारला. त्याच काळात गाडगेमहाराज कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारून, दारू सोडण्याची उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत होते. उपदेशाला संवादाचे रूप देण्याची ही देशी परंपरा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. १९८० नंतर गर्दचे संकट आले. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ मध्ये पुणे येथे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून काम करू लागली. बॉस्टनमध्ये बेलर यांच्या रूपाने जे घडले, तेच येथे आपल्या भाषेत घडले.

आपल्या भाषेत, हा शब्द महत्त्वाचा. ‘दारुडा’, ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ या शब्दांत निकाल आधीच दिलेला असतो. अशा संबोधनानंतर संभाषण ते कसले होणार? मराठीतून होणाऱ्या समुपदेशनात प्रश्न कसे विचारले जातात, शांतता कशी पाळली जाते, घरच्या मंडळींना केव्हा बोलाविले जाते, याची पद्धतशीर नोंद, अर्थात रुग्णाची संमती घेऊन व त्याचे नाव गुप्त राखून, झाली पाहिजे. हे काम मानसशास्त्र, समाजशास्त्र व भाषाशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे आहे.

दोन शतकांच्या या इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा. जेव्हा जेव्हा व्यसनी मनुष्याला केवळ श्रोत्याच्या जागी बसविले गेले, तेव्हा उपचार क्षीण झाला. जेव्हा त्याचे बोलणे कोणी नित्यनेमाने ऐकले, तेव्हा त्याला बळ आले. औषधे बदलतील, कायदे बदलतील. परंतु पुन्हा घसरलेला मनुष्य दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी केंद्राच्या दाराशी येतो, तेव्हा त्याला आत बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.