मदतीचा आलेख : उभ्या अक्षावर काय मांडायचे?

आलेख तपासताना आपण बहुतेक जण तीन गोष्टींवर लाल शाई चालवतो. प्रमाण लिहिले आहे का, अक्षांना नावे दिली आहेत का, बिंदू नीट जोडले आहेत का. उभ्या अक्षावर काय मांडायचे हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकाने आधीच सोडवून दिलेला असतो. परदेशी मदतीची आकडेवारी कागदावर उतरवू पाहणाऱ्याला तो स्वतःच सोडवावा लागतो, आणि तिथेच खरी गंमत सुरू होते.

उदाहरण आपल्याच इतिहासातले घेऊ. १९६०च्या दशकातल्या रेशनच्या लाल गव्हाची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांना असेल. त्यातला बराचसा गहू अमेरिकेच्या १९५४च्या कायद्याखाली येत असे, 'पी. एल. ४८०' हे त्याचे सुटसुटीत नाव. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. धान्याची किंमत डॉलरमध्ये ठरे, पण भारत ती रुपयांत चुकती करी. हे रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात जमा होत. त्यातून त्यांच्या वकिलातीचा खर्च भागे आणि बराच भाग पुन्हा भारतालाच कर्जाऊ किंवा अनुदान म्हणून दिला जाई.

आता या मदतीचा आलेख काढा. रुपयांत काढाल की डॉलरमध्ये? ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. म्हणजे १० कोटी डॉलरचा गहू ४७ कोटी ६० लाख रुपयांवरून एका रात्रीत ७५ कोटी रुपयांचा झाला, आणि एक दाणाही जास्त आला नाही. त्यातच त्या वर्षी दुष्काळामुळे धान्याची आयातही खरोखरच वाढली होती. त्यामुळे रुपयांच्या आलेखात दिसणाऱ्या उडीतली गव्हाची किती आणि विनिमयदराची किती, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

बरे, पैसा सोडून टनांत काढू. १९६६ साली भारतात सर्व मिळून १ कोटी टनांहून थोडे अधिक धान्य आयात झाले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे. नुसता हा स्तंभ उंच दिसतो. शेजारी १९६५-६६चे देशातले उत्पादन, सुमारे ७ कोटी २० लाख टन, याचा स्तंभ उभा केला की तोच आकडा सातव्या हिश्शाएवढा होतो. यातला कोणताही आलेख खोटा नाही. पहिल्यातून जहाजांची गर्दी कळते, दुसऱ्यातून देश कितपत विसंबून होता ते.

आणि वार्षिक स्तंभात एक गोष्ट मुळीच दिसत नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या काळात लांब मुदतीचे करार करण्याऐवजी थोड्या थोड्या गव्हालाच मंजुरी देण्याचे धोरण ठेवले होते. दिल्लीतल्या अन्न खात्याला पुढच्या जहाजांची वाट पाहत दिवस काढावे लागत. वर्षाच्या बेरजेत १९६६ हे सर्वाधिक उदारपणाचे वर्ष ठरते. ते किती टांगणीचे होते हे पाहायचे तर आडव्या अक्षावर महिने घ्यावे लागतील.

पैशाचा हिशोब रेषेने दाखवण्याची कल्पना विल्यम प्लेफेअरची. हा स्कॉटिश गृहस्थ काही काळ जेम्स वॉटकडे नकाशे-आराखडे काढायच्या कामावर होता. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती होते, तेव्हा रेषा काढता येईना. म्हणून त्याने स्तंभ काढले. शाळेत आज शिकवला जाणारा स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला.

पण आपल्या कामाचा आहे तो त्याचा १८२१चा आलेख. त्यात सुमारे अडीचशे वर्षांतले गव्हाचे भाव स्तंभांनी आणि कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने दाखवली आहे. त्याला म्हणायचे होते की मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे. म्हणजे बोलायचे होते गुणोत्तराविषयी. आणि काढल्या मात्र दोन वेगळ्या वस्तू. गुणोत्तर वाचकाने डोळ्यांनीच काढायचे, आणि ते काही जमत नाही. ठरावीक माप गहू विकत घ्यायला किती आठवडे राबावे लागे, एवढीच एक रेषा त्याने काढली असती तर काम झाले असते. मोठ्या माणसाची चूक म्हणून वर्गात दाखवण्यासारखी आहे.

मदतीच्या बाबतीत हे गुणोत्तर पुढे राजकारणात उतरले. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑक्टोबर १९७० मध्ये ठरवले. १९७४ साली स्वीडनने ते प्रथम गाठले. अमेरिकेने हे लक्ष्य कधी मान्यच केले नाही, आणि त्याचे कारण आलेखाच्या दोन रूपांवरून सहज लक्षात येते. २०२३ साली अमेरिकेची मदत सुमारे ६५ अब्ज डॉलर, म्हणजे जगात पहिली. नॉर्वेची साधारण साडेपाच अब्ज. उत्पन्नाशी भागाकार केला की नॉर्वे १ टक्क्याच्या वर जातो आणि अमेरिका पाव टक्क्याच्या आसपास राहते. गंमत म्हणजे याच अमेरिकेने १९४८ ते १९५२ या काळात मार्शल योजनेखाली युरोपला दिलेले सुमारे १३ अब्ज डॉलर तिच्या त्या वर्षांच्या उत्पन्नाच्या १ टक्क्याहून अधिक भरतात. दात्याला एकूण रकमेचा स्तंभ आवडतो, टीकाकाराला टक्केवारीचा. घेणाऱ्याला यातला कोणताच फारसा उपयोगी नाही. त्याला दरडोई किती आले ते हवे असते.

शेवटी, मदत म्हणून मोजायचे तरी काय? २००५ साली श्रीमंत देशांच्या मदतीची रेषा एकदम उसळून सुमारे १०७ अब्ज डॉलरवर गेली. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा कर्जमाफीचा होता, मुख्यतः इराक आणि नायजेरियाच्या जुन्या कर्जांचा. त्या वर्षी तेवढे नवे पैसे कुणाच्या हातात पडले नव्हते. एकाच रेषेऐवजी खाली मदत आणि वर वेगळ्या छटेत कर्जमाफी असे दोन पट्टे काढले असते, तर उसळी कशाची होती हे कोणालाही समजले असते.

आपल्या लाल गव्हाचा शेवटही असाच झाला. अमेरिकेच्या खात्यात रुपये साठत गेले, इतके की त्यांचे करायचे काय हा दोन्ही सरकारांपुढे पेच पडला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती १६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. हे सगळे भारताने गव्हापोटी भरलेलेच रुपये होते. तोवर सवलतीच्या गव्हाचा ओघ आटलेला होता. धनादेशाच्या तारखेप्रमाणे आलेख काढला, तर मदतीचा सर्वांत उंच मनोरा १९७४ वर उभा राहतो, आणि जहाजे खरोखर बंदरात लागत होती ती १९६६-६७ची वर्षे त्याच्या पायथ्याशी बुटकी दिसतात. दहावीच्या वर्गाला एवढी माहिती देऊन विचारावे, की हे १६६४ कोटी तुम्ही कोणत्या वर्षावर मांडाल? आमच्याकडे एका मुलीने सांगितले, गहू ज्या ज्या वर्षी आला त्या त्या वर्षावर थोडे थोडे वाटीन. लगेच दुसऱ्याने विचारले, मग त्या वर्षांत आपण किंमत भरत होतो ती कुठे दाखवणार? फळ्यावर आडव्या अक्षाच्या खालीही जागा ठेवावी लागली.