कुलपावरची चिकटपट्टी कुणी पाहिली?

दोन बातमीदारांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष खाली खेचला, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पत्रकारितेच्या वर्गात मास्तर सांगतात. सभेत वक्ते सांगतात. ज्यांनी जन्मात अमेरिकन पेपर हातात धरला नाही तेही ठासून सांगतात. लोकांच्या डोक्यात हे बसवलं ते पुस्तकानं कमी आणि सिनेमानं जास्त. १९७६ च्या एप्रिलमध्ये आलेला 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' हा तो सिनेमा.

मित्रांनो, हा सिनेमा वाईट नाही. फार चांगला आहे. म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. वाईट सिनेमा माणूस थेटराच्या दारातच विसरतो. चांगला सिनेमा इतिहास बनून डोक्यात बसतो.

गोष्ट थोडक्यात अशी. १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टन शहरात, वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच माणसं पकडली गेली. अंगात सूट, हातात रबरी मोजे, जवळ कॅमेरे आणि चोरून ऐकायची यंत्रं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन दुसऱ्यांदा निवडून यायच्या तयारीत होता. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या चोरीचा धागा धरून व्हाइट हाऊसपर्यंत पोचले. पडद्यावर रॉबर्ट रेडफर्ड आणि डस्टिन हॉफमन. दिग्दर्शक ॲलन पाकुला. बंदूक नाही, मारामारी नाही. दोन तासांहून जास्त वेळ नुसते फोन, टाइपरायटर आणि लोकांची दारं ठोठावणं. तरी बघणारा जागचा हलत नाही. पेपरची कचेरी कॅलिफोर्नियात हुबेहूब उभी केली. टेबलांवर टाकायला कागदाची रद्दीसुद्धा खऱ्या कचेरीतून मागवली. चार ऑस्कर मिळाले.

रद्दी खरी हवी म्हणून एवढी यातायात. माणसांचं काय?

बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया काय होत्या ते पाहू. निक्सन ९ ऑगस्ट १९७४ ला गेला होता. १९७५ साली व्हिएतनाममधली लढाई अमेरिका पुरती हरली होती. अशा वेळी आपल्या देशात काहीतरी अजून शाबूत आहे, असं कुणीतरी सांगायला हवं होतं. सिनेमानं ते सांगितलं. गोरा मध्यमवर्ग खूष झाला. वुडवर्ड-बर्नस्टीन नायक झाले.

दुसरी प्रतिक्रिया पेपरवाल्यांच्या घरातली. 'पोस्ट'ची मालकीण कॅथरिन ग्रॅहम हिला सिनेमात जागाच नव्हती. आपलं मन दुखावल्याचं तिनं १९९७ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. या दोघांच्या बातम्या रोज तपासणारा नगर-संपादक बॅरी ससमन हाही गाळला गेला. पुढं मालकिणीची भरपाई झाली. २०१७ साली स्टीव्हन स्पिलबर्गनं 'द पोस्ट' काढला. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद १९७१ साली पेपरांनी छापले, त्याची ती गोष्ट. मेरिल स्ट्रीपनं ग्रॅहमबाई उभी केली. बघणाऱ्यांनी निक्सनच्या जागी ट्रम्पला पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ची जुनी माणसं रागावली : कागद आधी आम्ही छापले आणि मोठेपणा तुम्हाला कसा?

म्हणजे मालकांचं, संपादकांचं श्रेय राहिलं तर त्याचा बोभाटा होतो. कधी ना कधी हिशेब चुकता होतो.

तिसरी प्रतिक्रिया आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गातली. तिथं हा सिनेमा दाखवला. पोरं भारावली. "बातमीदार असावा तर असा!" एक मुलगी मात्र गप्प होती. ती शेवटी म्हणाली, "सुरुवातीला तो काळा वॉचमन दिसला, त्याचं पुढं काय झालं?"

साऱ्या सिनेमात या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून ते इथं लिहितो.

त्या वॉचमनचं नाव फ्रँक विल्स. वय २४. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराचा. एका खाजगी कंपनीचा रात्रपाळीचा पहारेकरी, पगार आठवड्याला ८० डॉलर. मध्यरात्रीनंतर फेरी मारताना तळघरातल्या गाडीतळाच्या दारावर त्याला चिकटपट्टी दिसली. कुलूप अडकू नये म्हणून लावलेली. दिवसा काम करणाऱ्यांनी लावली असेल म्हणून त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीला बघतो तर पुन्हा चिकटपट्टी. दुसऱ्या एखाद्यानं डोळेझाक केली असती. ८० डॉलरमध्ये कोण डोकेफोड करतो? विल्सनं पोलिसांना फोन केला. वहीत नोंद केली. त्याच्या हस्ताक्षरातलं ते पान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेलं आहे.

पान जपलं. माणूस जपला नाही.

सिनेमात विल्सचं काम स्वतः विल्सनंच केलेलं आहे. सुरुवातीला काही क्षण. दार, चिकटपट्टी, फोन. मग तो जातो तो जातोच. काही दिवस पेपरांनी त्याचे फोटो छापले होते, एका नागरी हक्क संघटनेनं सत्कारही केला होता. पण पगारवाढ मिळाली ती नावापुरती. त्यानं नोकरी सोडली. नंतर धड नोकरी लागेना. या प्रकरणावर पुस्तकं लिहून, भाषणं देऊन लोक श्रीमंत झाले, त्यांत चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेलेही होते. आपल्या वाट्याला काही आलं नाही, हे विल्स मुलाखतींतून बोलून दाखवायचा. १९८३ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथं १२ डॉलरच्या बुटांच्या चोरीसाठी त्याला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली. २००० साली, वयाच्या ५२ व्या वर्षी तो मेला. मेंदूत गाठ होती. मरताना कंगाल होता.

आता त्याच सिनेमातला दुसरा माणूस बघा. तोही गाडीतळातच भेटतो, अंधारात सिगारेट ओढत. वुडवर्डला गुप्त खबर देणारा. बघणाऱ्यांना हाच फार आवडतो. हा कोण, याचं कोडं तीस वर्षं लोक घालत होते. २००५ साली नाव फुटलं : मार्क फेल्ट, एफबीआय या सरकारी तपासयंत्रणेतला दोन नंबरचा अधिकारी. डाव्या चळवळीतल्या फरारी तरुणांच्या शोधात त्यांच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या घरांत बेकायदा घुसायचे हुकूम यानंच दिले होते. १९८० साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. शिक्षा ५००० डॉलर दंड. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगननं तीही माफ केली.

बुटांना एक वर्ष. लोकांची घरं फोडायच्या हुकमाला माफी.

आता ज्या कचेरीत हे नायक बसत होते ती पाहू. १९७० च्या जनगणनेत वॉशिंग्टन शहरात शंभरातले सत्तर लोक काळे होते. 'पोस्ट'च्या खोलीत मात्र हातावर मोजण्याएवढे. मार्च १९७२ मध्ये, म्हणजे वॉटरगेटच्या चोरीआधी तीन महिने, 'पोस्ट'च्याच सात काळ्या बातमीदारांनी आपल्या पेपरविरुद्ध समान रोजगार आयोगाकडे तक्रार केली. चांगल्या बातम्या आम्हाला देत नाहीत, वर चढू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पेपर तोच, वर्ष तेच, संपादकही तोच बेन ब्रॅडली. या सातांवर हॉलिवुडनं सिनेमा काढला नाही. त्या हुबेहूब बांधलेल्या खोलीत त्यांची तक्रार ठेवायला टेबल सापडलं नाही.

आणि गुन्ह्याचं मोजमाप तरी कसं केलं बघा. ८ मार्च १९७१ ला पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी एफबीआयच्या कचेरीतून काही युद्धविरोधी नागरिकांनी कागद पळवले. 'पोस्ट'ची बातमीदार बेटी मेडस्गर हिनं त्यांच्या बातम्या छापल्या, याचं श्रेय 'पोस्ट'ला दिलंच पाहिजे. त्या कागदांतून काळ्या विद्यार्थ्यांवर, काळ्यांच्या संघटनांवर सरकारनं ठेवलेली पाळत उघडी पडली. संघटना फोडायच्या, खबरे घुसवायचे, माणसामाणसांत भांडणं लावायची, असा पद्धतशीर कारभार होता. ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत पहाटे पोलिसांनी घरात घुसून ब्लॅक पँथरचा फ्रेड हॅम्प्टन मारला. वय २१. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं दिला होता. पोलीस म्हणाले, चकमक झाली. 'शिकागो ट्रिब्यून'नं पोलिसांनी पुरवलेले फोटो छापले, पँथरांच्या गोळ्यांची भोकं म्हणून. दुसऱ्या पेपरच्या बातमीदारांनी जागेवर जाऊन पाहिलं तर ती खिळ्यांची डोकी निघाली! पोलिसांनी ऐंशीच्या वर गोळ्या झाडल्या होत्या. पँथरांकडून सुटली होती एक.

या खुनापायी कुणा राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलली नाही. नोम चॉम्स्कीनं तेव्हाच बोट ठेवलं होतं : वॉटरगेटचा गहजब झाला कारण या वेळी घाव बड्यांच्या पक्षावर पडला. गरिबांच्या, काळ्यांच्या संघटनांवर त्याहून भयंकर घाव पडले तेव्हा हेच लोक गप्प होते.

बरं, निक्सनला खरंच पेपरनं पाडलं का? सिनेमा थांबतो जानेवारी १९७३ ला. टीव्हीवर निक्सनच्या शपथविधीच्या तोफा, मागं हे दोघे टाइप करताहेत. पुढचं दीड वर्ष टेलिप्रिंटरच्या चार ओळींत उरकलं. पण खरी कुस्ती त्याच दीड वर्षात झाली. न्यायाधीश सिरिका होता. सिनेटची चौकशी होती. निक्सनच्या खोलीतल्या ध्वनिफिती हाती द्या, असं २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयानं एकमुखानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बार्बरा जॉर्डन ही टेक्ससची काळी खासदार बाई चौकशी समितीत बोलली. घटना लिहिली तेव्हा 'आम्ही लोक' यात माझी गणती नव्हती, असं सांगून तिनं त्याच घटनेचं कलम निक्सनसमोर धरलं. बाबासाहेबांच्या लेकरांना या भाषणाचा अर्थ समजावून सांगायला नको. पेपरनं निक्सनला पाडलं हे खरं नव्हे, असं ग्रॅहमबाईही म्हणाली आणि खुद्द वुडवर्डही म्हणाला. पण ऐकतो कोण? सिनेमा बघितलाय ना!

मग सिनेमा फेकून द्यायचा? मुळीच नाही. त्यातली मेहनत शिका. ग्रंथालयातल्या चिठ्ठ्यांचा ढीग उपसणारे ते दोघे बघा. ऐकीव गोष्ट दुसऱ्या साक्षीनं पडताळल्याशिवाय छापायची नाही, हे शिका. आपल्या पत्रकांत घोषणा खूप आणि तारखा कमी असतात. पण नायक कुणाला करायचं हे त्यांच्याकडून शिकू नका.

ते शिकायला दुसरे लोक आहेत. 'ब्लॅक पँथर' या पेपरचा पहिला अंक २५ एप्रिल १९६७ चा. डेन्झिल डॉवेल हा काळा तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला होता आणि बडे पेपर पोलिसांचीच री ओढत होते. म्हणून तो अंक निघाला. चार पानं, सायक्लोस्टाइल केलेली, या अंकासारखीच. त्या पक्षाचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं आणि दलित पँथर उभी राहिली. त्याच्याही आधी, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. दुसऱ्याच्या पेपरात आपली जागा किती, हे आपल्याला तेव्हाच कळलेलं आहे.

तेव्हा कामाचं बोलू. अत्याचाराच्या प्रत्येक खटल्यात एक फ्रँक विल्स असतो. पहिल्यांदा बघणारा, पहिल्यांदा तोंड उघडणारा. मोर्चा निघतो, पुढारी येतात, फोटो निघतात. वर्षभरानं त्याचं काम सुटलेलं असतं, उधारी बंद झालेली असते, विहिरीवर बाया बोलत नसतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम '१५ अ' लागू आहे. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि पुनर्वसन हा त्याचा हक्क आहे. किती कार्यकर्त्यांनी ते वाचलंय? आपल्या तालुक्यातल्या खटल्यांची यादी काढा. साक्षीदारांच्या घरी जा. ते आज काय खातात, कुठं कामाला जातात, कोण धमकावतं, ते तारखेनिशी लिहा आणि कलेक्टर कचेरीत अर्ज द्या. त्यांची नावगावं छापायची की नाही ते त्यांना विचारूनच ठरवा. पुढच्या अंकाची दहा पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.