चिंताविकारांचे मेंदू-प्रतिमांकन : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि सातारा-सांगली परिसर

वैद्यकातील परदेशी सहकार्य कृष्णाखोऱ्याला नवे नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत अमेरिकन मिशनचे रुग्णालय उभारले व १८९७ पासून देशी तरुणांना वैद्यकशिक्षण दिले. त्या सहकार्याचा आरंभ स्थानिक रुग्णापासून झाला. पुढे मिरजेत १९६२ मध्ये शासकीय, तर सातारा जिल्ह्यातील कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

चिंताविकारांच्या मेंदू-प्रतिमांकनात सहकार्याचे स्वरूप पालटले. एकेका केंद्रातील मोजक्या रुग्णांवरून निघणारे निष्कर्ष परस्परविरोधी ठरत. म्हणून २००९ मध्ये स्थापन झालेल्या 'एनिग्मा' या संशोधनसंघाने अनेक देशांतील मेंदू-प्रतिमांची मोजमापे समान पद्धतीने करवून ती एकत्र आणली. चिंताविकारांसाठी त्यात स्वतंत्र गटही झाला.

तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या समाजातील रुग्णांची गणनाच अपुरी, त्याचे प्रतिबिंब जागतिक निष्कर्षांत कसे उमटावे? यंत्रसामग्रीइतकीच सातारा-सांगलीत मराठीतून घरोघर पाहणी होणे अगत्याचे आहे. समान भागीदारीचा पाया तोच होय.