एचओ प्रमाण
रेल्वेच्या प्रतिकृती 1:87 या प्रमाणात घडवण्याचे, छंदात सर्वाधिक रुळलेले माप. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात ‘ओ’ मापाच्या (पहा : ओ प्रमाण) साधारण निम्म्या आकाराच्या गाड्या निघाल्या, नाव त्यावरूनच पडले. खऱ्या फुटास 3.5 मिमी. धरल्याने 1,435 मिमी. रुंदीचा प्रमाणित मार्ग 16.5 मिमी. होतो. ब्रिटनमध्ये मार्ग तेवढाच, पण गाड्या 1:76 मापाच्या (पहा : ओओ प्रमाण). भारतीय ब्रॉडगेजला (1,676 मिमी.) सु. 19.3 मिमी. मार्ग हवा. बाजारातील तयार रुळांवर ठेवलेल्या भारतीय डब्याची चाके त्यामुळे पोटाखाली आत सरकलेली दिसतात. प्रतिकृतीच्या परीक्षणात हे प्रथम पाहावे. पुण्यात कोथरूडला जोशी लघुरेल्वे संग्रहालयात (1998) या प्रमाणातील चालत्या गाड्या पाहता येतात.