अंगावरचं साल

सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकात उभे राहा. परिवहनच्या डेपोतून बस बाहेर निघते आहे, होटगी रस्त्याच्या रिक्षा तिला आडव्या जातायत, विजापूर रस्त्याकडे वळणारा ट्रक हॉर्नवरचा हात काढत नाही. कुठला रस्ता कुठे जातो हे कुणाला विचारू नका. आज इथला प्रत्येक रस्ता वेगळ्या सालात उतरतो. नियम एकच: उतरताना अंगावरचे कपडे त्या सालाचे होतात. फोन, घड्याळ, पाकीट इथेच राहतं. साल ओळखायचं ते खिसे चाचपून आणि काखेतली शिवण ताणून.

पहिला रस्ता धरा, भुईकोट किल्ल्याच्या दिशेचा.

१८७७, दिवाळीनंतरची थंडी

पैसे कुठे ठेवलेत म्हणून हात मांडीशी नेता, तर खिसाच नाही. कमरेशी धोतराच्या पिळात काहीतरी टोचतं. कनवटीला लावलेली नाणी आहेत ती. वर जाडीभरडी बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर पंचा. पंचा म्हणजे या सालातली सगळ्यात उपयोगी वस्तू. घाम पुसा, भाकरी बांधा, ओझ्याखाली चुंबळ करा, रात्री कानावरून गुंडाळा.

रस्त्यावर माणसं चालताना दिसतात आणि त्यांची चाल बघितली की पोटात कालवतं. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. गावं ओस पडतायत, हातमागाच्या कापडाला गिऱ्हाईक नाही, कारण धान्य घेऊन उरलं तर माणूस धोतर घेणार. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर शहराच्या पूर्वेला माग मांडून आहेत, पण माग आणि पोट यांची गाठ पडत नाही. त्यामुळे मोरारजी गोकुळदासांच्या नव्या गिरणीच्या फाटकाशी गर्दी आहे. पुढे शहर हिला ‘जुनी मिल’ म्हणेल. आज तिच्या भिंतींचा चुना अजून ओला वाटतो.

आत शिरा. छताखाली लांबच लांब दांडा फिरतोय आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत आलेत. तुम्ही वाकून बघायला जाता, तेवढ्यात मुकादम ओरडतो, “सोगा खोच आधी!”

खाली बघा. धोतराचा सोगा पट्ट्यापासून वितभर अंतरावर हलतोय. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या विणकराला ऐसपैस धोतर चालत होतं, कारण तिथे माग माणसाच्या गतीनं चालतो. इथे यंत्र थांबत नाही, सोगा सापडला तर माणूस ओढला जातो. तुम्ही सोगा खोचता, धोतराचा घट्ट काचा मारता, मुंडासं सोडून खुंटीला अडकवता. शेजारच्यानं बंडीच्या बाह्या केव्हाच कापून टाकल्यात. या शहरात पुरुषाच्या पोशाखाची काटछाट गिरणीच्या पट्ट्यानं सुरू केली, शिंपी नंतर आला.

भोंगा वाजतो. बाहेर या आणि दुसरा रस्ता धरा, लष्करच्या बाजूचा.

१९३०, मे

डोकं तापत नाहीये, म्हणून हात वर जातो. टोपी आहे. काढून बघा. खादीच्या दोन लांबट बाजू, वरून आत वळवलेली घडी, पुढे-मागे निमुळती टोकं. अस्तर नाही, बटण नाही, पट्टी नाही. कुठल्याही घरातली बाई उरलेल्या तुकड्यातून ही शिवू शकते. धुवून घडीवर हात फिरवला की इस्त्रीचंही काम नाही. आणि दाबून सपाट केली की बंडीच्या आतल्या खिशात मावते.

या महिन्यात तो खिसा महत्त्वाचा आहे. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्या थांबल्या. ८ मेला गोळीबार झाला, त्यानंतर ९ ते ११ मे शहरात सरकार नावाचं काही उरलं नाही. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. आता चौकाचौकात सैनिक आहेत. तिरंगा हातात सापडला तर तुरुंग, आणि डोक्यावर ही टोपी दिसली की उतरवायला लावतात.

समोरून तुकडी येते आहे. तुमच्यापुढे चालणारा गिरणीकामगार वेग कमी करत नाही. त्याच्याही डोक्यावर तीच टोपी, धुऊन धुऊन पिवळी पडलेली, कडेला तेलाचा पट्टा. तीच टोपी तो साच्यावर घालतो, म्हणजे केसांत कापसाचं पिंजण बसत नाही. तीच घालून सभेला जातो. कामाचा कपडा आणि मताचा कपडा यांत त्यानं कधी फरक केला नाही, आणि सरकारची पंचाईत तिथेच झाली आहे. हजारो कामगार रोज सकाळी जे डोक्यावर घालून पाळीला निघतात, ते गुन्हा कसं ठरवायचं?

तुम्ही काय कराल ते तुमचं तुम्ही ठरवा. टोपी खिशात टाकायला क्षण पुरतो. मार्शल लॉ ३० जूनपर्यंत चालेल. पुढच्या जानेवारीच्या १२ तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली जाईल. हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढे चालणाऱ्या त्या माणसाला नाही.

१९५८, जुलै

तिसऱ्या रस्त्याला पाऊस लागतो. तोही सोलापुरी, म्हणजे चार थेंब पाडून अंत बघणारा. अंगावर नवी बंडी आहे आणि आता मात्र खिशांची चंगळ आहे. खाली दोन मोठे, त्यातल्या एकात चंची आणि चुन्याची डबी. डाव्या छातीशी आतून शिवलेला चोरखिसा, त्यात आणेही आहेत आणि गेल्या वर्षी निघालेले नवे पैसेही. दुकानदार अजून बोटांवर हिशेब करतो.

चोरखिशाची शिवण नखानं चाचपा. दोन ओळी, आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर चार-सहा टाके एकावर एक. खिसा कधीही मधून फाटत नाही, कोपऱ्यातून उसवतो. हे शिंप्याला माहीत आहे. त्यानं पाठीवर, जिथे कुणाची नजर जाते, तिथे साधी शिलाई मारली आहे. दोरा वाचवायचा तिथे वाचवलाय, घालायचा तिथे घातलाय.

गिरणीच्या फाटकाशी पाळी सुटते. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जामश्री... शहराचं घड्याळ अजून भोंग्यावर चालतं. साळखात्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या भुवयांवर पांढरं पिंजण आहे. सूत तुटू नये म्हणून आत हवा दमट ठेवलेली असते, त्यामुळे बंड्या पाठीला चिकटल्यात. तेलपाणीवाला मात्र ओळखू येतो, त्याचे कपडे अंगासरशी आहेत. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २२व्या कलमानं आता सांगितलंय की चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणारा माणूस प्रशिक्षित हवा, अंगाबरोबरचे कपडे घातलेला हवा, आणि ते कपडे मालकानं द्यायचे. मुकादम सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे ओरडत होता, ते आता कायद्याच्या पुस्तकात छापून आलं.

पाऊस वाढतो. मंगळवेढ्याकडून बाजाराला आलेला एक म्हातारा खांद्यावरची घोंगडी झटकतो, एका टोकाची घडी घालून खोळ करतो आणि डोक्यावरून घेतो. झालं, पाठ, खांदे, डोकं सगळं आत. “या की आत, मालक,” म्हणून तो एक बाजू उचलतो. लोकर अंगाला खरखरीत लागते आणि मेंढराचा वास नाकात बसतो. दख्खनी मेंढीची ही आखूड, राठ लोकर मऊपणाच्या कुठल्याही परीक्षेत नापास होईल. पण घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, वीण दाट बसते आणि पाण्याला आत यायला वेळ लागतो. दुपारी शेतात रेनकोट, रात्री खळ्यावर अंथरूण, थंडीत पांघरूण, लग्नात पाहुण्यांना बसायला बैठक. एका कपड्यानं वर्षाचे तिन्ही ऋतू निभावून नेले, तर पेटीत दुसरा कपडा कशाला हवा?

इथून निघताना पूर्व भागातल्या एका दारातून डोकवा. जॅकार्ड लावलेल्या मागावर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डनं रेशमासाठी जुळवलेली युक्ती इथे जाड सुताला लागली आणि सोलापुरी चादर झाली. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. मुलगा माग न थांबवता वर बघतो आणि तेलुगूत आईला सांगतो की कुणीतरी आलंय.

आत्ता, मे महिना

चौथा रस्ता तुम्हाला याच सालात आणतो, फक्त पूर्व भागाच्या एका गाळ्यात. मधल्या काळात टेरिलीन आलं, इस्त्री न मोडणाऱ्या पँटी आल्या, यंत्रमाग घरोघरी पोचले. जुनी मिल बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णूही. भोंगे थांबले. पण हजारो माणसांना कापड कापता, शिवता, घडी घालता येत होतं. ते हात गणवेशाकडे वळले. आज देशभरातल्या शाळांचे शर्ट-पँट, दवाखान्यांचे एप्रन, कारखान्यांचे बॉयलर सूट या शहरातून जातात. इथल्या उत्पादकांनी गणवेशांची प्रदर्शनं आधी सोलापुरात भरवली, मग मुंबई, बंगळूर, हैदराबादेत.

शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून मेमध्ये इथे उसंत नाही. टेबलावर कापडाचे थर रचलेत आणि कटिंग मास्टर त्यातून उभं पातं फिरवतोय. मशीनवर बसलेल्या बायका नगावर मजुरी घेतात, त्यामुळे कुणी मान वर करत नाही. वरून पंखा गरम हवाच ढकलतो.

मास्टर एक हाफपँट तुमच्या हातात देतो. उलटी करा. पायाची घडी रुंद मुडपलेली आहे, कमरेच्या मागच्या शिवणीत भरपूर माया सोडली आहे. “वाढत्या अंगाचं आहे,” तो म्हणतो, “पोरगं दिवाळीपर्यंत उंच होतंय, बापाचा पगार होत नाही.” शेजारी कारखान्याचा कोट पडलाय. त्याची बटणं झाकपट्टीच्या आत आहेत, म्हणजे कशात अडकायला नकोत. चालत्या पट्ट्यापासून वितभर हललेला तो सोगा तुम्हाला इथे आठवेल.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत हल्ली हाच कोट ‘वर्कवेअर’ म्हणून मिळतो, किंमत ऐकून घाम फुटावा इतक्या पैशांना. फ्रान्सच्या मजुराचा निळा कोट, अमेरिकेच्या खाणकामगाराची रिव्हेट ठोकलेली पँट, सगळ्याची नक्कल होते. त्यात वाईट काही नाही, चांगला शिवला असेल तर. पण चांगला म्हणजे काय, ते कापडाच्या वजनावरून किंवा ‘वारसा’ म्हणून लावलेल्या लेबलावरून कळत नाही. अंग काय करणार आहे हे शिवणाऱ्यानं आधी विचारलं होतं का, एवढंच बघायचं. विचारलं असेल तर दोरा जिथे हवा तिथे पडतो, आणि कपडा टिकतो.

आत्ता, जानेवारी

शेवटचा रस्ता बाळीवेशीकडे निघतो. संक्रांत चार दिवसांवर आली आहे. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे पाळणे लागलेत, आणि नंदीध्वज पेलायचा सराव तर कितीतरी आठवड्यांपासून रात्री-रात्री चालू आहे. ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता, संक्रांतीला होम. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतील आणि त्यांच्यामागे हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत.

शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दोरीवर बाराबंद्या लटकल्यात. एक उतरवून बघा. पांढरं सुती कापड, छातीवर एकावर एक येणारे दोन पदर, काखेखाली कळी, आणि बटणांच्या जागी बंद. आत बांधायचे, वर बांधायचे, बाजूला बांधायचे. नंदीध्वजाची उंच काठी छातीशी धरणाऱ्याला बटण रुतेल, तुटेल. बंद सपाट बसतो. दोन पदरांमुळे छातीवर कापड दुहेरी होतं. काखेतल्या कळीमुळे हात डोक्याच्या वर गेला तरी कमर उघडी पडत नाही. आणि यंदा पोट सुटलं तरी गाठ अर्धा इंच अलीकडे बांधली की बाराबंदी पुढच्या वर्षालाही चालते. देवाचं काम म्हणून हा पोशाख पवित्र आहेच, पण त्याची बेतणी बघा: ओझं पेलणाऱ्या माणसासाठी केलेली आहे.

“हात वर करा, मालक,” शिंपी म्हणतो. टेप काखेतून फिरवतो, मग कोपरातून वाकवायला लावतो. “काठी पेलणार का मागं चालणार?”

“मागं चालणार,” तुम्ही खरं तेच सांगता.

तो वहीत माप लिहितो आणि तुम्ही बघता, की हाताची मोकळीक त्यानं पेलणाऱ्याइतकीच धरली आहे. तुम्ही तसं म्हणताच तो टेप गळ्यात टाकतो.

“राहू द्या बे सैल. ‘हर्र बोला हर्र’ झालं, दाटी वाढली आणि कुणी म्हटलं, धर जरा, तर काय तिथं मला फोन लावणार?”