नागिणीची पुंगी फ्रेंच होती

जुन्या चित्रफितीतलं वाद्य ओळखायचं तर डोळ्यांवर फार विसंबू नये. १९५४ च्या 'नागिन'मध्ये प्रदीपकुमार पुंगी फुंकतो, वैजयंतीमाला भान हरपून ओढली जाते. पण आपल्या कानांवर पडते ती पुंगी नव्हेच. संगीत हेमंतकुमारचं. पडद्यामागे कल्याणजी वीरजी शाह क्लॅव्हिओलिनवर आणि रवी पेटीवर. पुढे दोघेही नामांकित संगीतकार झाले.

हे क्लॅव्हिओलिन आलं फ्रान्समधून. कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास ते व्हर्सायमध्ये बनवलं. तीन सप्तकांची चिमुकली पट्टी, आत काचेचे व्हॉल्व्ह, आणि आवाजाचा खोका वेगळा. पट्टी पियानोच्या कडेखाली अडकवायची: डावा हात पियानोवर, उजवा हिच्यावर, आवाजाचा चढउतार गुडघ्याने दांडी ढकलून. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच उमटतो, म्हणजे पेटीवाल्याच्या लेखी अगदीच अपंग वाद्य. पण पुंगीची सुरावटही एकाच नळीतून येते. दुसरी नळी नुसता सूर धरून बसते. फ्रेंच वाद्याचं हे उणेपणच गारुड्याच्या कामी आलं. वर पुढच्या कळा खालीवर करून आवाज हवा तितका नाकातला करता येई, आणि या वाद्याला श्वासाची चिंता नाही. खरा गारुडी गाल फुगवून जे साधतो, ते इथे वीज साधते.

चित्रफितीत पियानोच्या कडेखाली असं खणासारखं काही दिसलं, तरी लगेच क्लॅव्हिओलिन म्हणून मोकळं होऊ नका. हॅमंडचं सोलोव्हॉक्स १९४० पासून त्याच जागी बसत होतं आणि लांबून दोघं सख्खे भाऊ वाटतात. वाजवणाऱ्याची बोटं पट्टीवर आडवी थरथरत असतील, तर मात्र ते तिसरंच: जॉर्ज जेनींचं ओंडिओलिन. त्याची अख्खी पट्टी स्प्रिंगांवर तरंगते, त्यामुळे त्यात कंप बोटांनी घालता येतो. क्लॅव्हिओलिनचा कंप यंत्रातला, म्हणून मोजून दिल्यासारखा एकसारखा. मला विचाराल तर ही खूण डोळे मिटूनच नीट पटते.

आणि फसवणूक काही आपल्याच सिनेमाची मक्तेदारी नव्हे. १९६२ मध्ये 'टॉर्नेडोज' बँडच्या 'टेलस्टार' या धुनीने इंग्लंड-अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला. तिथला तो अवकाशी सूर याच कुळातला, पण स्टुडिओत तो वाजवणारा जेफ गोडार्ड त्या बँडमध्ये नव्हताच. बँडच्या चित्रफितीत त्याला शोधत बसलात तर बसाच.

आपल्याकडे 'नागिन'ची ती सुरावट वरातीत उतरली. बेंजोवाल्याने तिची पहिली ओळ छेडायचा अवकाश, कुणीतरी रुमालाचं टोक दातांत धरून पुंगी करतो आणि दुसरा भर रस्त्यात, इस्त्रीच्या कपड्यांसकट, पोटावर पडतो.