सिंहासन (चित्रपट)

सिंहासन : पत्रकार आणि सत्ताधारी यांच्या नात्यावरील मराठी चित्रपट (१९७९). दिग्दर्शक जब्बार पटेल. पटकथा-संवाद विजय तेंडुलकर. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे. कथा मुंबईत घडत असली, तरी वऱ्हाडचा तिच्याशी दुहेरी संबंध आहे. साधू (१९४१–२०१७) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा, तर चित्रपटातील ‘उषःकाल होता होता’ या गीताचे कवी सुरेश भट (१९३२–२००३) यांचा अमरावती शहरातील.

मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांना निनावी फोन येतो : तुमच्याविरुद्ध कट शिजतो आहे. संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्याकडे वळते आणि आमदारांची जुळवाजुळव, कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) यांचे डावपेच, तस्करांचा पैसा असे राजकारणाचे पदर उलगडत जातात. या सगळ्यांमध्ये सहज वावरणारा एकच माणूस म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले).

दिगूच्या भेटीगाठी हा चित्रपटाचा कणा आहे. पुढारी त्याला बातमी देतात आणि बोलता बोलता विरोधी गोटाची खबर त्याच्याकडून काढून घेतात. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकमेकांना जोखत असतात. दिगूला जवळजवळ सगळे कळते, पण त्या कळण्याने काहीच बदलत नाही. मुख्यमंत्री खुर्ची राखतात आणि अखेरीस दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. खलनायक म्हणून प्रेक्षकांनी धास्ती घेतलेल्या निळू फुल्यांनी हा अबोल, आतून पोखरत जाणारा बातमीदार विलक्षण संयमाने उभा केला. त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वश्रेष्ठ भूमिकांपैकी एक होय.

साधू स्वतः इंग्रजी वृत्तपत्रांत बातमीदारी केलेले पत्रकार. त्यामुळे मंत्रालयातील वर्दळ, पत्रकारांची ऊठबस आणि अफवांचा बाजार हे सारे पाहिलेले, अनुभवलेले वाटते. चित्रपट कृष्णधवल असून चित्रीकरणाचा काही भाग प्रत्यक्ष मंत्रालयात झाला. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्यास परवानगी दिली होती. सत्तेवर टीका करणाऱ्या कलाकृतीला सत्तेनेच दार उघडून द्यावे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. भटांच्या गीताला हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर लाभला. स्वातंत्र्यानंतरच्या अपेक्षाभंगाची त्यातील वेदना पडद्याबाहेरही पोचली. पुढे सभा-आंदोलनांतून हे गीत गायले जाऊ लागले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुलाखतकार आणि नामवंत यांच्यातील झुंज हा जगभरच्या छोट्या, स्वतंत्र चित्रपटांचा आवडता विषय आहे. डच दिग्दर्शक थिओ व्हान गॉग यांच्या ‘इंटरव्ह्यू’मध्ये (२००३) राजकीय वार्ताहराला एका अभिनेत्रीची मुलाखत घ्यावी लागते आणि दोघे एका रात्रीत एकमेकांची कवचे फोडतात. स्टीव्ह बुशेमी यांनी २००७ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती केली. तेथे झुंज दोन व्यक्तींची, बंद घरातली. ‘सिंहासन’मध्ये मुलाखतीच्या खोलीबाहेर अख्खे राज्य उभे आहे आणि पत्रकाराच्या हतबलतेची किंमत त्या राज्यातील सामान्य माणूस मोजतो. म्हणूनच सत्तांतराची चर्चा निघाली की मराठी माणसाला आजही ‘सिंहासन’ आठवतो.